माळ्यावरचं मॅटर

२०१९च्या ऑगस्टात कृष्णा सांगलीत शिरली तेव्हा आयर्विन पुलापाशी पाण्यानं ५७ फुटांची खूण ओलांडली होती. काकांचं दुकान गावभागात, तळमजल्यावर. पाणी उतरल्यावर शटर वर केलं तर आत सगळीकडे एकाच रंगाचा, साबणासारखा गुळगुळीत गाळ. संगणक, प्रिंटर, कटिंग मशीन, बिलबुकांचे गठ्ठे, काय कुठलं ते ओळखू येईना. काका दारातच उभे राहिले. मग मान वर करून म्हणाले, "माळा राहिलाय."

माळ्यावर तीन गोष्टी होत्या. लग्नपत्रिकांच्या नमुन्यांचे अल्बम, सुतळीनं बांधलेले संगणकाच्या मासिकांचे गठ्ठे आणि बिस्किटांच्या दोन पत्र्याच्या डब्यांत भरलेल्या फ्लॉप्या, म्हणजे संगणकाची माहिती साठवायच्या जुन्या चुंबकी तबकड्या. रद्दीवाला बाहेर हातगाडी लावून थांबलाच होता. मासिकं त्यानं हातानं तोलून बघितली, फ्लॉप्यांना मात्र हातही लावेना. "ह्याचं काय येत नाही ताई," म्हणाला. मी म्हटलं, "मग मी नेते." काकू म्हणाली, "पुण्याला? अगं, तुमच्या त्या दोन खोल्यांत माणसं कुठं झोपणार?"

मी सॉफ्टवेअर तपासायचं काम करते. दुसऱ्यानं लिहिलेला प्रोग्रॅम कुठं मोडतो ते शोधणं हा पोटापाण्याचा धंदा. त्यामुळे चार रविवारांत हे उरकेल असं मी धरून चालले होते. अजून उरकलेलं नाही.

थोडं काकांबद्दल सांगायला हवं, नाहीतर त्या डब्यांची किंमत कळणार नाही. आजोबांचा ट्रेडलचा, म्हणजे पायानं चालवायच्या यंत्राचा, छापखाना होता. १९९० साली काकांनी खिळ्यांच्या, म्हणजे छपाईच्या धातूच्या अक्षरांच्या, केसेस भंगारात घातल्या आणि एक २८६ संगणक आणला, ४० एमबीच्या हार्ड डिस्कचा. आत मराठीसाठी जिस्ट कार्ड. आयआयटी कानपूरमध्ये सुरू झालेलं हे तंत्र पुढं पुण्याच्या सी-डॅक या सरकारी संगणक संस्थेनं लोकांपर्यंत आणलं. कार्ड खोचलं की डॉसच्या, म्हणजे विंडोजच्या आधीच्या संगणकप्रणालीच्या, काळ्या पडद्यावर देवनागरी उमटायची. ते बघायला लोक दुकानात येऊन उभे राहत आणि आपलं नाव उमटवून घेत, असं काका सांगतात. अडलं तर विचारायचं कुणाला? गावात कुणीच नाही. म्हणून मासिकं. पीसी क्वेस्ट, डेटाक्वेस्ट, नंतर चिप आणि तिचंच २००१मध्ये झालेलं डिजिट. महिन्याचा अंक आला की काका तो शालेय पुस्तकासारखा वाचत. समासात पेन्सिलीनं खुणा: "करून पाहणे", "मेमरी पुरत नाही", आणि एका पानावर नुसतंच मोठ्या अक्षरांत "खोटं".

सुरुवात करावी लागली ती माळ्यावरच्या नव्हे, खालच्या भिजलेल्या अंकांपासून. खालच्या फडताळात नवे, गुळगुळीत कागदाचे अंक होते. त्यातले काही काकूनं प्रेमानं गच्चीवर उन्हात घातले आणि तिथंच ते संपले. चकचकीत कागदावर बारीक मातीचा लेप असतो. तो भिजून वाळला की पानं एकमेकांना कायमची धरतात आणि अंकाची वीट होते. ओला आहे तोवर अंक वाचवता येतो, वाळल्यावर नाही. हे मला एका विटेनंतर समजलं. ती वीट अजून माझ्या टेबलावर पेपरवेट म्हणून आहे. उरलेले अंक ओलेच प्लॅस्टिकच्या पिशव्यांत घालून पुण्याला आणले आणि ओळखीच्या एका आइस्क्रीमवाल्याच्या डीप फ्रीझरमध्ये कुल्फीच्या खाली ठेवले. गोठलेल्या कागदावर बुरशी वाढत नाही, लेपही विरघळत नाही. म्हणजे सवड विकत घेता येते. मग एकेक अंक काढायचा, पुरता सुटायच्या आत पानं अलगद वेगळी करायची, मध्ये कोरा न्यूजप्रिंट घालायचा, पंखा लावायचा आणि तो कागद दर दोन तासांनी बदलायचा. १९पैकी ११ अंक असे सुटले. खाली भिजलेल्या जुन्या, खरबरीत कागदाच्या अंकांना यातलं काही लागलं नाही. ते फुगले, पिवळे पडले, पण वाचता येतात. स्वस्त कागद पुरात जास्त चिवट निघाला.

अंकांबरोबर आलेल्या सीड्या पुराच्या गाळात होत्या तरी बहुतेक वाचल्या. कारखान्यात साच्यानं काढलेली सीडी घट्ट असते. स्वच्छ पाण्यानं धुवायची आणि मऊ कापडानं मधल्या भोकाकडून कडेकडं सरळ रेषेत पुसायची, गोल गोल नाही. गोल पुसलं आणि ओरखडा पडला तर तो माहितीच्या रेघेवरूनच लांबवर धावतो. काकांनी घरी लिहिलेल्या सीड्यांचं मात्र वाईट झालं. सीडीत माहिती असते ती वरच्या, लेबलाच्या बाजूला, आणि तिच्यावर फक्त लॅकरचा पातळ थर असतो. काकांनी त्यावर हौसेनं कागदी लेबलं चिकटवलेली. लेबल ओलं होऊन सुटलं ते चंदेरी वर्ख घेऊनच.

आज एका सीडीचं एवढं काय, असं वाटणं साहजिक आहे. १५ ऑगस्ट १९९५ला व्हीएसएनएल या सरकारी कंपनीनं सामान्य माणसाला इंटरनेट दिलं तेव्हा साध्या फोनवरची गती ९.६ केबीपीएस होती. ६५० एमबीची सीडी त्या गतीनं उतरवायची तर जोडणी अखंड चालू राहून साडेसहा दिवस लागले असते, आणि सांगलीकराला त्याआधी मुंबईला एसटीडी लावावा लागला असता. त्या दिवसांत पीसी क्वेस्टच्या सीडीवरून लिनक्ससारखी अख्खी संगणकप्रणाली घरी यायची हे जवळजवळ पोस्टानं विहीर येण्यासारखं होतं. आणि नेमक्या याच सीड्या आज अंकांबरोबर सापडत नाहीत. रद्दीत अंक जातो आणि सीडी पोरांकडे. पुण्याच्या जुन्या बाजारात मला सीडीशिवायचे अंक मिळाले. तासगावकडे एका मळ्यात पाखरं हाकलायला टांगलेल्या सीड्यांत एक मासिकाची निघाली. मागून घेतली. उन्हानं पार गेली होती, पण वरची छपाई वाचता आली म्हणून तिचा फोटो ठेवला आहे.

स्कॅनिंगचं काम कंटाळवाणं, ते थोडक्यात सांगते. पिनांचे अंक सोपे. गंजलेल्या पिना उचकटायच्या, पानं सुटी स्कॅन करायची आणि मग त्याच भोकांतून दोरा घालायचा, पिना पुन्हा नकोत. गोंदाच्या बांधणीचे अंक कापायचे की नाही यावर मी बरेच दिवस घालवले. शेवटी ठरवलं, दुसरी प्रत हाताशी असेल तरच कापायचा. काकांच्या पेन्सिलीच्या खुणा असलेला अंक तर कधीच नाही, कारण त्याची दुसरी प्रत जगात नाही. रंगीत चित्रांवर सुरुवातीला विचित्र लाटा उमटायच्या. मी दोन आठवडे सॉफ्टवेअरला दोष देत बसले. काकांना फोटो पाठवला तर लगेच फोन: "अगं, छपाईचे ठिपके आणि तुझ्या स्कॅनरचे ठिपके एकमेकांवर चढले की जाळी पडणारच. चार रंगांच्या फिल्म आम्ही वेगवेगळ्या कोनांत उगीच लावत होतो का?" आता ६०० डीपीआयला, म्हणजे इंचाला ६०० ठिपके, स्कॅन करून मग निम्मं करते. जाळी बरीच मरते.

एक चूक मात्र कबूल करायला हवी. पहिल्या १४ अंकांत मी जाहिराती गाळल्या. जागा वाचावी म्हणून. मग एकदा काका म्हणाले, "त्या मोडेमची जाहिरात दाखव, तिच्यातल्या किमतीवरून तुझ्या बापाशी माझं भांडण झालं होतं." ती जाहिरात माझ्याकडे नव्हती. लेख कुणीतरी कधीतरी पुन्हा लिहील, पण २४ पिनांचा प्रिंटर तेव्हा केवढ्याला मिळायचा, कोण विकायचं, दुकान कुठल्या गल्लीत होतं, ते फक्त जाहिरातीत असतं. सगळे १४ अंक पुन्हा केले.

आता फ्लॉप्या. एकूण १४३. त्यात ६१ सव्वापाच इंची, वाकणाऱ्या, खऱ्या अर्थानं फ्लॉपी. ८२ साडेतीन इंची, कडक कवचाच्या. छोट्या फ्लॉप्यांसाठी यूएसबीचा ड्राइव्ह अजून मिळतो. मोठ्यांसाठी काहीच नाही. जुन्या बाजारात तीन रविवार घालवले. चौथ्या रविवारी, नळाच्या तोट्या आणि बंद पडलेली घड्याळं यांच्या मधोमध, एक १.२ एमबीचा ड्राइव्ह दिसला. विकणारा त्याला "टेपचा भाग" म्हणत होता. मी दुरुस्त केलं नाही, टेपच्या भागाच्या किमतीत घेऊन आले.

फ्लॉपी वाचायच्या आधी तिच्यावर लिहिणं बंद करायचं, हा पहिला धडा. गंमत म्हणजे दोन्ही मापांची पद्धत उलटी. मोठ्या फ्लॉपीच्या कडेची खाच चिकटपट्टीनं झाकली की लिहिणं बंद, आणि छोटीची खिडकी उघडी ठेवली की बंद. हे का एवढं महत्त्वाचं? कारण विंडोज ९५ आणि ९८ना नुसती वाचायला दिलेली फ्लॉपीसुद्धा शुद्ध ठेवता यायची नाही. ते तिच्या पहिल्याच सेक्टरात (माहितीच्या ठरीव मापाच्या तुकड्यात), बनवणाऱ्या प्रोग्रॅमचं नाव असतं त्या जागी, गुपचूप आपली खूण टाकून मोकळे. काकांच्या ज्या फ्लॉप्या पुढं विंडोजवर फिरल्या त्यांच्यावर ही खूण आहे, म्हणजे मूळ नोंद पुसलेली आहे.

दुसरा धडा महाग पडला. एक फ्लॉपी घातली आणि आतून पाटीवर खडू किंचाळावा तसा आवाज आला. घाबरून ती काढली आणि दुसरी घातली. तीही किंचाळली. पहिलीच्या तबकडीवर बुरशी होती. ती ड्राइव्हच्या वाचणाऱ्या डोक्यावर बसली आणि त्या घाणेरड्या डोक्यानं दुसऱ्या फ्लॉपीवर गोल चर पाडला. चर म्हणजे लोहाचा थर खरवडून गेला, त्यावरचं जे काही होतं ते कायमचं गेलं. दुसरी फ्लॉपी होती १९९१च्या कुठल्याशा स्मरणिकेची. तेव्हापासून प्रत्येक फ्लॉपी आधी विजेरीच्या उजेडात, खाचेतून दिसणारी तबकडी हातानं फिरवत पाहते. पांढुरके ठिपके दिसले तर कवच कडेनं कापायचं, तबकडी बाहेर काढायची, आयसोप्रोपिल अल्कोहोलनं दोन्ही बाजू पुसायच्या, वाळू द्यायची आणि एखाद्या कोऱ्या फ्लॉपीचं कवच उसनं घेऊन त्यात घालायची. ड्राइव्हचं डोकंही दर चार-पाच फ्लॉप्यांनंतर पुसते. पावसाळ्यात हे काम बंद.

वाचण्याची पद्धत बदलल्यावर खरा फरक पडला. नेहमीचा संगणक फ्लॉपीला "अमुक सेक्टर दे" म्हणतो आणि तो खराब असेल तर हात वर करतो. ग्रीझविझल नावाचं एक छोटं, खुल्या आराखड्याचं सर्किट आहे, ते असं काही विचारत नाही. डोक्याखालून तबकडी फिरताना चुंबकत्व कुठल्या क्षणी उलटं झालं, एवढीच नोंद ते घेत जातं. अर्थ नंतर लावायचा, निवांत. एकच ट्रॅक, म्हणजे तबकडीवरचं एक वर्तुळ, पाच वेळा फिरवून नोंदला की पाचांतली एक फेरी पुष्कळदा नीट निघते. ३६० केबीच्या फ्लॉपीवर प्रत्येक बाजूला ४० ट्रॅक, ट्रॅकवर ९ सेक्टर, सेक्टरात ५१२ बाइट. आज एका फोटोला यापेक्षा जास्त जागा लागते, आणि या फ्लॉप्यांत काकांची अख्खी वर्षं आहेत.

६१ मोठ्यांपैकी ५४ पूर्ण वाचल्या. ८२ छोट्यांपैकी फक्त ४९. जुन्या फ्लॉप्या नव्यांपेक्षा चांगल्या निघाल्या. मोठ्यांवर माहिती विरळ लिहिलेली असते, चुंबकाचा प्रत्येक ठसा ऐसपैस. छोट्यांवर १.४४ एमबी कोंबलेलं. शिवाय नव्वदीच्या शेवटी ज्या स्वस्त फ्लॉप्या दहाच्या खोक्यांत मिळायच्या त्यांचा दर्जा काय होता ते त्या काळी वापरणाऱ्या कुणालाही विचारा.

फायलींच्या तारखांनी मला आठवडाभर चक्रावून सोडलं. निम्म्या फायली १ जानेवारी १९८०च्या. काकांकडे तेव्हा ट्रेडल होतं! मग लक्षात आलं, संगणकाच्या घड्याळाची बॅटरी मेली की डॉस १ जानेवारी १९८०पासून मोजायला लागतं. काकांनी बॅटरी कधी बदललीच नव्हती. कुठली फाइल कधीची हे आता पत्रिकांतल्या मुहूर्तांवरून ठरवते.

एक फ्लॉपी वेगळी निघाली. मी सवयीनं ४०च्या पुढं एखाददोन ट्रॅक जास्त वाचायला सांगते. तिथं काही नसतं, नुसता खरखराट. या फ्लॉपीच्या ४१व्या ट्रॅकवर मात्र नीट आखलेली माहिती होती. नेहमीच्या पद्धतीनं प्रत काढली असती तर ती सुटलीच असती. पहिला सेक्टरही संशयास्पद. चाळून पाहिलं आणि अक्षरशः हसायला आलं. तो 'जोशी' होता. १९९०मध्ये भारतात सापडलेला बूट सेक्टरचा, म्हणजे संगणक सुरू होताना वाचल्या जाणाऱ्या पहिल्या सेक्टरात बसणारा, व्हायरस. तो फ्लॉपीवर एक जादा ट्रॅक आखतो आणि आपला बाडबिस्तरा तिथं ठेवतो. वर्षभर गप्प. ५ जानेवारीला संगणक अडवून बसतो आणि 'हॅपी बर्थडे जोशी' असं टाइप केल्याशिवाय पुढं जाऊ देत नाही. काकांना सांगितलं तर त्यांना तो दिवस लख्ख आठवत होता. "मला वाटलं आपल्या पत्रिकेचं बिल थकवलेल्या त्या जोशानंच काहीतरी केलंय. दोन दिवस त्याच्याशी बोललो नाही." या फ्लॉपीची प्रत मी साफ केली नाही. तशीच ठेवली आहे, नावात 'बाधित' असं लिहून, आणि नेटवर कुठंही न चढवता. एमुलेटरमध्ये, म्हणजे जुन्या संगणकाची नक्कल करणाऱ्या प्रोग्रॅममध्ये, तारीख पुढं नेऊन एकदा शुभेच्छा मात्र दिल्या.

इथवरचं सगळं कामाचं होतं, पण अवघड नव्हतं. अवघड होतं मराठी.

काकांच्या मॅटरचे, म्हणजे छापायला जुळवलेल्या मजकुराचे, दोन काळ आहेत. १९९० ते ९५ जिस्ट कार्डाचा, त्यानंतर विंडोजवर पेजमेकर या पानं जुळवायच्या प्रोग्रॅमचा आणि मराठी फाँटांचा. मला वाटलं होतं नवं सोपं जाईल. १९९३च्या एका स्थानिक दिवाळी अंकाचं मॅटर उघडलं, तर अक्षरांऐवजी भलतीच चिन्हं. हे इस्कीत असणार एवढं ठाऊक होतं. इस्की म्हणजे भारतीय लिप्यांची ठरवून केलेली संकेतावली, १९९१ साली तिचं राष्ट्रीय मानक झालं. तिच्यात 'क' म्हणजे १७९, 'त' म्हणजे १९४. त्या कोष्टकानं वाचलं तरी गिचमीडच. उत्तर माळ्यावरच होतं, मासिकांच्या गठ्ठ्यात दडलेल्या, कार्डाबरोबर आलेल्या पुस्तिकेत. १७६ ते २२३ या जागा डॉस चौकटी आणि तक्त्यांच्या रेघा काढायला वापरतं. म्हणून संगणकासाठी इस्कीची एक वेगळी मांडणी केली, पीसी-इस्की. तिच्यात त्या जागा मोकळ्या सोडून अक्षरं अलीकडे-पलीकडे सरकवलेली. पुस्तिकेतलं कोष्टक पाहून ५० ओळींचा प्रोग्रॅम लिहिला आणि एका संध्याकाळी अख्खा अंक युनिकोडमध्ये, आजच्या सगळ्या संगणकांना कळणाऱ्या संकेतावलीत, आला. युनिकोडनं देवनागरीची मांडणी इस्कीवरूनच घेतलेली, त्यामुळे दोघांची सोयरीक जुनी. मासिकं रद्दीत गेली असती तर त्यांच्यासोबत ही पुस्तिकाही गेली असती, आणि फ्लॉप्या धडधाकट असूनही मुक्या राहिल्या असत्या.

१९९८च्या दिवाळी अंकाला आठ महिने लागले.

कारण असं. इस्कीत अक्षर उच्चाराच्या क्रमानं साठवलं जातं. फाँटांच्या काळात साठवला जायचा तो अक्षराचा आकार, तोही तुकड्यातुकड्यांनी. एका फाँटात जागा २५६, त्यातल्याही काही वापरता न येणाऱ्या. तेवढ्यात देवनागरीची सगळी जोडाक्षरं कशी बसणार? मग काना वेगळा, अर्धा 'ष' वेगळा, रफार वेगळा, वेलांटी आणि रफार मिळून आणखी एक तुकडा. 'शर्मिष्ठा' लिहायचं तर बोलताना 'र' आधी आणि 'मि' नंतर. फाइलीत मात्र आधी वेलांटी, मग 'म', मग डोक्यावरचा रफार. खिळे जुळवतात तसं, डोळ्याला दिसेल त्या क्रमानं. काकांना हे समजावायला गेले तर म्हणाले, "मग त्यात काय, आम्ही आयुष्यभर तसंच जुळवलं." प्रत्येक कंपनीच्या फाँटात तुकड्यांचे आकडे निराळे. फाँट नसेल तर मॅटर म्हणजे इंग्रजी अक्षरांचा नि चिन्हांचा खिचडा. १९९५ ते २००५ या दहा वर्षांत छापलेलं किती मराठी अशा खिचड्यात अडकून पडलं असेल, विचार करवत नाही.

शिवाय लॉक. मराठी फाँटांचं ते सॉफ्टवेअर चालायला संगणकाच्या मागच्या प्रिंटरच्या पोर्टला एक छोटं लॉक लावावं लागतं. लॉक काकांनी जपलं होतं, देव्हाऱ्यात, दागिन्यांसारखं. पुरातही काकूनं देवांबरोबर तेच आधी वर नेलं. पण तो पोर्ट असलेला संगणक आता कुठं आहे? एमुलेटरला ते लॉक दाखवायची माझी खटपट फसली. शेवटी एका शाळेनं मोडीत काढलेला पेंटियम मिळाला. त्यावर विंडोज ९८ टाकलं, लॉक खोचलं, पेजमेकर उघडला. पाच मिनिटांनी पडद्यावर १९९८चं मुखपृष्ठ. मी काकांना व्हिडिओ कॉल लावला. ते बराच वेळ काही बोलले नाहीत, मग म्हणाले, "समास अर्धा सेंटीमीटर कमी आहे. प्लेटसाठी बटर पेपरवर प्रिंट काढताना वाढवला होता."

प्रत्येक पान पोस्टस्क्रिप्ट या प्रिंटरच्या भाषेत छापून पीडीएफ केलं, म्हणजे दिसायला ते जसंच्या तसं टिकलं. शब्द शोधता येण्यासाठी मग तुकड्यांचं कोष्टक हातानं तयार केलं. एकेक आकडा, एकेक आकार, रात्री जेवण झाल्यावर.

आता हे सगळं ठेवायचं कुठं आणि दाखवायचं कुणाला. ठेवण्याचं सोपं. तीन प्रती, त्यातली एक सांगलीत, आणि प्रत्येक फाइलचा चेकसम, म्हणजे ती बदलली नाही ना हे ताडायचा आकडा, वहीतसुद्धा लिहिलेला. दाखवण्याचं तसं नाही. आपल्या १९५७च्या कायद्यानं लेखकाचा हक्क मृत्यूनंतर ६० वर्षं टिकतो, आणि १९८४च्या दुरुस्तीपासून संगणकाचा प्रोग्रॅमही साहित्यकृतीत धरला जातो. म्हणजे माझ्याकडचं एकही सॉफ्टवेअर इतक्यात मोकळं होत नाही. बंद पडलेल्या, कुणीच न विकणाऱ्या प्रोग्रॅमला हे लागू करणं मला हास्यास्पद वाटतं, पण म्हणून तो नेटवर टाकायचं धाडस मी केलेलं नाही. काकांनी स्वतः लिहिलेल्या सूचना, दुकानाच्या जाहिराती, पत्रिकांचे कोरे नमुने एवढंच खुलं ठेवलं आहे. आणि एक गोष्ट कायदा काहीही म्हणो, मी कुणाला देणार नाही: पतसंस्थांच्या सभासद याद्या, कर्जाच्या नोटिसा, मोडलेल्या लग्नांच्या पत्रिका. गिऱ्हाइकांनी त्या छापायला दिल्या होत्या.

गेल्या दिवाळीत १९९३च्या अंकातली एक कथा छापून सांगलीला घेऊन गेले. काकांची मोतीबिंदूची शस्त्रक्रिया नुकतीच झाली होती. चष्मा लावून पहिल्या पानापासून सुरू झाले. तिसऱ्या पानावर थांबले, काकूकडे लाल पेन मागितलं. 'दिर्घ श्वास' असं छापलं होतं. माझ्या पोटात गोळा आला. वाटलं माझ्या कोष्टकात ऱ्हस्व-दीर्घ उलटं झालं असणार. परत आल्यावर फ्लॉपीतले आकडे तपासले, मिरजेच्या एका ग्रंथालयात छापील अंक शोधून पाहिला. तिथंही 'दिर्घ'च. ३१ वर्षं ती चूक तिथंच होती, आणि माझ्या प्रोग्रॅमनं ती इमानानं आणली होती.

पण त्या संध्याकाळी काकांनी वेलांटीला गोल केला, समासात खूण केली, पान माझ्या हातात दिलं आणि म्हणाले, "दुरुस्त करून दुसरं प्रूफ आण."

फाइल मी बदललेली नाही. लाल खुणेचं प्रूफ स्कॅन करून तिच्याच शेजारी ठेवलंय. काका मात्र दर फोनला विचारतात, दुसरं प्रूफ कधी आणतेस.